व्हायरल ताप म्हणून घेतलेली रजा

आमच्या नोएडाच्या ऑफिसात वेलनेस कमिटी स्थापन झाली, तेव्हा तिच्यात आम्ही तिघं होतो. एचआरचे प्रमुख, ट्रेनिंग विभागातली मी आणि अ‍ॅडमिन सांभाळणाऱ्या ताई. ताई मूळच्या नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. मी लग्नानंतर पुण्याहून गाझियाबादला आलेली. सगळ्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे मीटिंग संपली तरी आमचं बोलणं संपायचं नाही. त्यांच्या मराठीत निम्मं हिंदी असे, आणि माझ्या तोंडचा एखादा शब्द अडला की त्या सरळ विचारत, “म्हणजे काय गं?”

कमिटीचं काम मी मनापासून करत होते. बुधवारी योगा, डब्यात तळलेलं कमी आणा म्हणून पोस्टर, हिवाळ्यातल्या धुरासाठी हॉलमध्ये हवा साफ करणारी यंत्रं. बाळंतपणाहून परतणाऱ्या मुलींसाठी एक लहानशी खोलीही आम्ही मागून घेतली. तिच्या दारावर ‘मदर्स रूम’ अशी पाटी लागली, फोटो निघाले आणि नंतर तिथे बॅनरचे खोके येऊन पडले. तेव्हा ऑफिसात तान्ह्या मुलाची आई कुणी नव्हतीच.

त्याच हिवाळ्यात मला दिवस गेले होते. पाचवा महिना लागला होता, पण ऑफिसात मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी एकदा दुसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, म्हणून या वेळी जरा जास्तच सांभाळत होते. जाड स्वेटरखाली काही दिसत नव्हतं. नेहमीच्या सोनोग्राफीला गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाई बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतला आणि माझ्या नवऱ्याला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. ठोके नव्हते.

त्यानंतर दवाखान्यात जे झालं ते बाळंतपणच होतं, फक्त खोलीत रडण्याचा आवाज आला नाही. मुलगी होती. नर्सने विचारलं, बघायचंय का. मी हो म्हटलं. नवऱ्याने तिच्या कपाळाला बोट लावलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ऑफिसला मी व्हायरल ताप कळवला. खरं लिहायचं तर कुणाला लिहायचं आणि कुठल्या शब्दांत, तेच सुचेना. तापाची रजा आठवडाभराचीही नसते. घरात बसून तरी काय करायचं, असंही वाटलं. मी परत गेले तर नेमका आमचा वेलनेस वीक चालू होता. दारात फुगे होते. लोक विचारत होते, “अब ठीक हो?” आणि मी हो म्हणत होते. एकीने तर बारीक झालीस म्हणून कौतुकही केलं.

दुपारी कॉन्फरन्स हॉलमध्ये ध्यानाचं सत्र होतं. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज फार मऊ होता. डोळे मिटा, हात पोटावर ठेवा, श्वास आत जाताना तिथे काय जाणवतं ते बघा, असं त्या हिंदीतून सांगत होत्या. मी हात पोटावर ठेवला. आणि मला कळलं की माझा कुर्ता समोरून ओला झालाय. दूध आलं होतं. दवाखान्यात कुणीतरी सांगितलंही असेल की असं होतं, पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी ओढणी छातीशी धरली आणि मिटल्या डोळ्यांच्या रांगेतून बाहेर पडले.

बाथरूममध्ये कागदाचे रुमाल कुर्त्यात कोंबत असताना ताई मागून आल्या. त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिलं, मग कुर्त्याकडे. अंगावरची शाल काढून माझ्याभोवती गुंडाळली आणि मला धरून त्या मदर्स रूमकडे घेऊन गेल्या. तिथे बसायलाही जागा नव्हती. त्यांनी स्वतः खोके उचलून कॉरिडॉरमध्ये ठेवले, खुर्ची मोकळी केली आणि दार आतून लावलं.

“कितवा महिना होता?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. चार-पाच दिवसांपूर्वी मुलगी होऊन गेली हे घराबाहेरच्या माणसाला मी पहिल्यांदा सांगत होते. मी रडत होते तेवढा वेळ त्या माझ्या पायाशी एका खोक्यावर बसून होत्या. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत त्या दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर एका खाजगी ऑफिसात टायपिस्ट होत्या. दिवस भरत आले होते, आणि मुलगा मृत जन्मला. नवरा आणि सासरे त्याला दफनभूमीत घेऊन गेले, ताईंना नेलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी त्या कामावर हजर झाल्या. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी एक शब्द काढला नाही. त्यांच्यासमोर लोक आपल्या मुलांच्या गोष्टी बोलेनासे झाले, एवढाच फरक.

“मलाही वाटलं, अच्छा, असंच असतं,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं मी ऑफिसात कुणाला बोलले नाही. तू तसं नको करूस. चल, आत्ता जाऊन सांगू. मी आहे ना.”

एचआरच्या प्रमुखांसमोर बोलल्या त्या ताईच. ते गडबडून गेले. व्हायरलची रजा तर मंजूर झालीय, आता आणखी कुठली रजा दाखवायची, असं काहीतरी म्हणाले. ताईंनी शांतपणे सांगितलं, “जो हुआ है, वही लिखिए.” मग प्रमुखांनीच हळू आवाजात कबूल केलं की अशा वेळी सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानेच आहे. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ती कुणी मागितली नव्हती. कमिटीत असूनही मला ती असते हे माहीत नव्हतं.

ते सहा आठवडे मी गाझियाबादच्या घरात काढले. आई पुण्याहून आली. दूध आपोआप आटलं, त्याचंही मला वाईट वाटलं. नवरा रोज सकाळी मेट्रोने ऑफिसला जाई आणि संध्याकाळी भाजी घेऊन येई. मला वाटायचं, याचं बरं आहे, कामात मन रमतं. पुढे उन्हाळ्यात एकदा तो बोलता बोलता म्हणाला की दवाखान्याच्या दिवसांसाठी त्याने साहेबांना घरात पाइप फुटलाय असं सांगितलं होतं. “नंतर दोन-तीनदा त्यांनी विचारलं, पाइप दुरुस्त झाला का. मी म्हटलं, झाला.” एवढं बोलून तो उठून आत गेला. मी त्याच्या मागोमाग आत गेले. त्या दिवशी आम्ही दोघांनी पहिल्यांदा एकत्र बसून रडून घेतलं.

परत कामावर गेले तेव्हा सगळ्यांना कळलेलं होतं. काहींनी वाट बदलली. काहींनी जवळ येऊन नुसता हात धरला. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं की पुढच्या वर्षी फुगे-बिगे नकोत. घरात काही घडलं तर माणसाने कुणाला फोन करायचा, ते सगळ्यांना ठाऊक असू दे. बाकीच्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हे त्या माणसालाच विचारलं जाऊ दे. आणि ही रजा बापालाही मिळू दे, थोडी तरी. वरून होकार यायला बरेच महिने गेले. बापांना एक आठवडा मिळाला.

तोपर्यंत ताई निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या गुडघ्यांनी फार त्रास दिला, घराबाहेर पडणं बंद झालं. मी फोन करते. हल्ली त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात आणि मराठी शब्द हरवला की मधेच गप्प होतात.

आम्हाला नंतर मूल झालं नाही.

मागच्या पावसाळ्यात सेल्समधल्या एका मुलाच्या बायकोचं सहाव्या महिन्यात तसंच झालं. त्याने स्वतः फोन करून खरं कारण सांगितलं. एचआरचे प्रमुख माझ्या टेबलापाशी आले, उभेच राहिले आणि त्याच्या टीमला काय सांगू म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, त्यालाच विचारा. त्यांनी माझ्यासमोरच त्याला फोन लावला. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. प्रमुख मधूनमधून “हां बेटा” म्हणत होते, आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि नुसते ऐकत राहिले.