फ्लेक्सवरचं पोट

इंदापुरात एकदा माझ्या पोटाचा फ्लेक्स लागला. पुढाऱ्यांचे लागतात, दहावी सुटलेल्या पोरांचे लागतात, शर्यत मारलेल्या बैलाचेही लागतात. पण नुसत्या पोटाचा फ्लेक्स लागलेला बारामती-इंदापूर पट्ट्यातला मी पहिलाच गडी असणार. डावीकडं माझं आधीचं पोट, उजवीकडं नंतरचं, आणि मधोमध पावडरीचा डबा, मखरात देव बसवावा तसा. वर तांबड्या ठसठशीत अक्षरांत: 'ना व्यायाम, ना उपवास, ना औषध! फक्त चमत्कार!'

त्यातलं 'ना औषध' माझ्या घरात घुसलं नसतं, तर मी त्या फ्लेक्सखाली उभा राहून मिशीला पीळ दिला असता आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजला असता.

आधीच्या पोटाबद्दल खोटं बोलणार नाही. होतंच ते तसं. वेशीतून आधी पोट गावात शिरायचं, चार जणांना रामराम घालायचं, मग मागून मी. मोरगावला एसटीत चढलो की कंडक्टर विचारायचा, "ह्याचं हाफ काढू का फुल?" कऱ्हाटीच्या अलीकडं आमची डाळिंबाची बाग आहे. तिथं दुपारचा मी आडवा झालो की माझ्या पोटाच्या सावलीला शेळ्या येऊन रवंथ करायच्या. माणसं म्हणतात मी वाढवून सांगतो. शेळ्यांना विचारा.

माझं पोट म्हणजे नुसती शोभा होती. खरं दुखणं होतं आमच्या कारभारणीचं. तिला साखरेचा आजार. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लावून दिलेली, आणि जेवल्यावर ती नेमानं घेतली की सगळं ठीक चालायचं.

पावडर घरात आणली माझ्या साडूनं. साडू म्हणजे कारभारणीच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, नवरा. दोघं इंदापुरात राहतात. हा गडी पूर्वी फळबागांचं टॉनिक विकायचा. गावोगावच्या शेतकऱ्यांचे फोटो खिशात घेऊन फिरायचा. त्या फोटोंची कला मला ठाऊक आहे, कारण एकदा त्यानं माझाही काढला होता. डाळिंब धरलेला हात कॅमेऱ्याकडं लांबवायचा, तोंड मागं ठेवायचं. लिंबाएवढं फळ कलिंगडाएवढं दिसतं आणि शेतकरी त्याच्यामागं राखणीला बसल्यासारखा. पुढं डाळिंबं संपली म्हणा नाहीतर गिऱ्हाइकं, साडूनं टॉनिक सोडलं, ट्रॅकसूट चढवला आणि माणसांना फवारायला लागला.

"पाहुणं," पहिला डबा ठेवत तो म्हणाला, "ह्यो रोज सकाळी पाण्यात घालून प्यायचा. पोट असं जाईल, की तुमालाच हुडकावं लागंल."

"आन् हुडकून न्हाय गावलं तर?"

"थट्टा सोडा. शंभर टक्के नैसर्गिक हाय."

"धोतरा बी शंभर टक्के नैसर्गिकच हाय की."

"आन् प्रोटीन बघा किती!"

बघितलं. डबा फिरवून मागची बारीक अक्षरंही बघितली. आमच्याकडं म्हशीला पेंड घेतानासुद्धा पोत्यावरचं प्रोटीन वाचूनच घेतात, आणि देवाशप्पथ सांगतो, आमच्या म्हशीच्या पोत्यावर जास्त लिहिलेलं होतं. शिवाय म्हशीच्या पोत्यावर पांढरा कोट घातलेला माणूस हसत उभा नव्हता. पांढऱ्या कोटाचं मला कौतुक नाही. आमच्या गावचा न्हावीही दाढी करताना घालतो. घटकांची यादी वाचली तर पहिल्याच ओळीत साखरेची धाकटी बहीण नाव बदलून बसलेली. आणि सगळ्यात खाली, मुंगीनं लिहावं तसं एक वाक्य होतं: 'कोणत्याही आजाराच्या निदानासाठी किंवा उपचारासाठी नाही.'

मी ते वाचायला लागलो तसा साडूनं डबा हळूच वळवला. "खालचं सगळ्याच डब्यांवर आसतं वो. ते सरकारसाठी. वरचं आपल्यासाठी."

पावडरीसोबत नियम आले. साखरेचा चहा बंद. फरसाण बंद. रात्री दिवेलागणीला जेवायचं. पहाटे उठून मोरगावच्या रस्त्यानं झपाझप चालायचं. हे सगळं करायचं आणि वर पावडर प्यायची. मी म्हटलं, एवढं केल्यावर पावडरीऐवजी रस्त्यावरची धूळ खाल्ली तरी माणूस बारीक होईल. साडू हसला. कारभारीण हसली नाही. आक्कानं सांगितलेलं तिच्यासाठी देववाणी. आई लवकर गेलेली, आक्कानंच तिला वाढवलं.

तेव्हा मला माझे वडील आठवले. नवं टॉनिक आलं की ते सगळ्या बागेवर कधीच मारायचे नाहीत. एक ओळ कोरी सोडायचे आणि तिच्या दोन्ही टोकांच्या झाडांना चिंधी बांधायचे. पाणी तेच, खत तेच, छाटणी तीच. फक्त टॉनिक नाही. विकणारा कळवळून म्हणायचा, "आबा, येवढी एक ओळ उपाशी का ठेवता?" वडील म्हणायचे, "बाकीची झाडं तुमच्या बाजूनं बोलणार. एक तरी माझ्या बाजूची नगं?" बहुतेक वेळा काढणीला कोरी ओळ आणि फवारलेली ओळ जुळ्या बहिणींसारखी दिसायची, आणि विकणारा पुन्हा आमच्या बांधाकडं फिरकायचा नाही.

मी ठरवलं, ह्या घरातली कोरी ओळ मी.

आक्का दर खेपेला दोन डबे आणायची आणि अदलाबदल नको म्हणून झाकणावर स्वतःच्या हातानं मार्करनं लिहायची, एकावर 'दाजी', एकावर 'बाई'. 'बाई'चा डबा कारभारीण नेमानं प्यायची. 'दाजी'चा मी न फोडता विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ठेवत गेलो, आणि माझ्या ग्लासात फुटाण्याचं पीठ घोळवून मिटक्या मारत प्यायलो. कारभारीण विचारायची, "कसं वाटतंय?" मी म्हणायचो, "अंगात हत्ती शिरलाय." बाकी सगळं मात्र दोघांचं सारखं. पहाटे बरोबर चाललो, एकाच ताटात भाकरी-भाजी खाल्ली, फरसाणाच्या दुकानावरनं माना वळवून गेलो. डाळिंबाचे क्रेट तोलायच्या काट्यावर दोघंही उभे राहायचो. काटा एकदा तिच्या बाजूनं झुकायचा, एकदा माझ्या, पण शेवटी दोघांचं घटलं ते जवळजवळ सारखंच. माझं अंमळ जास्त, कारण माझ्याकडं माल जास्त होता.

साडूनं ताबडतोब माझा फोटो काढला. आधीचा फोटो त्याच्याकडं होताच, एका लग्नात जिलबीच्या चौथ्या फेरीनंतरचा, बनियनवर, पोट मोकाट सोडलेलं. नंतरच्या फोटोला म्हणाला, "काळा शर्ट घाला, तिरकं उभं ऱ्हावा, आन् श्वास धरा." मी इतका धरला की डोळ्यांपुढं चांदण्या नाचल्या. डाळिंबाच्या फोटोतला हात पुढं, पोटाच्या फोटोतला श्वास आत; एवढाच काय तो धंद्यात बदल. आणि इंदापुरात फ्लेक्स लागला. साडूनं तिथं पावडरीचा मेळावा ठेवला होता, आणि स्टेजवर चमत्कार म्हणून मलाच उभं राहायचं होतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी जेवून उठलो तर कारभारीण सरळ भांडी घासायला बसली.

"गोळी?"

"बंद केली."

"कुणी सांगितलं?"

"आक्कानं. म्हणाली, पावडर सगळं आतनं साफ करती, गोळीनं उलट काम बिघडतं. परवापासनं जरा गरगरतंय, घसा सारखा कोरडा पडतोय, तर म्हणाली, विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण हाय."

बघा ह्या पावडरीची तऱ्हा. बरं वाटलं तर पावडरीचा गुण, गरगरलं तर पावडर काम करतेय, आणि काहीच झालं नाही तर तुमचा विश्वास कमी. हरायची वाटच ठेवलेली नाही. असा पैलवान मी आखाड्यात कुठं पाहिला नाही.

मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की मी पावडरीचा थेंबही प्यायलेलो नाही, ते फुटाण्याचं पीठ होतं. तिनं तवा खाली ठेवला, माझ्याकडं पाहिलं आणि खो-खो हसली.

"आवो, गेल्या साली बिबट्यानं तुमच्याकडं तंबाखू मागितली. त्याच्या आधी तुमी विहिरीतनं माशाला नावानं हाक मारली. आता ह्ये! आन् पोट काय फुटाण्यानं गेलं व्हय?"

जन्मभर थापा मारल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, पण त्या दुपारी एकेका थापेचं वाटलं. डबे आणून दाखवायला उठलो आणि दारातच थांबलो. डबे बघून ती मानेल, संध्याकाळी आक्काचा फोन येईल, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत परत 'विष बाहेर पडतंय' सुरू होईल. जे व्हायचं ते आक्कासमोरच व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलला खताचं पोतं बांधून, कारभारणीला मागं बसवून इंदापूर गाठलं. मंगल कार्यालयात लग्नापेक्षा जास्त गर्दी. स्टेजवर साडू ट्रॅकसूटमध्ये, शेजारी आक्का भरजरी साडीत. एकाचे गुडघे गेले होते ते परत आले, एकाचे केस गेले होते ते परत आले, एकीचा नवरा गेला होता तोही म्हणे परत आला. मला ऐकताना ओशाळल्यासारखं झालं. एवढी मोठी थाप मीही मारली नव्हती.

माझं नाव पुकारल्यावर पोतं खांद्यावर टाकून स्टेजवर चढलो. टाळ्या वाजल्या. पोत्यातून एकेक डबा काढून टेबलावर मांडायला लागलो.

"पाहुणं, ह्ये काय?" साडू माइक झाकून म्हणाला.

"माझा चमत्कार. सील बघा, एक बी फोडलेलं न्हाय. झाकणावर 'दाजी' कुणी लिहिलंय?"

आक्का पुढं झाली. अक्षर तिचंच होतं.

मी माइक घेतला. "मंडळी, ह्या फ्लेक्सवरचं पोट माझं हाय. ह्या पावडरीचा चमचाबी त्यात गेलेला न्हाय. कारभारणीनं पावडर घेतली, मी न्हाय. दोघं सारखंच चाललो, सारखंच जेवलो, आन् दोघांचं वजन सारखंच घटलं. आता सांगा, गुण कुणाचा?"

मागून एक बाई ओरडली, "चालण्याचा!"

"पाहुणं घरी लई गमती करतात," साडू हसत माइककडं हात करत म्हणाला. "माझं साडू हायत, म्हणून—"

"करतो! हजार गमती करतो. पण सील काय गमतीनं बंद राहतं? हिकडं या, हात लावून बघा!"

चार-सहा जण खरंच पुढं आले. कुणी झाकण फिरवून बघितलं, कुणी कानाशी धरून हलवलं, नारळ घेताना हलवतात तसं. गलका वाढला. तेवढ्यात कारभारीण खुर्चीतून उठली आणि पायऱ्या चढून वर आली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. आक्कासमोर जाऊन उभी राहिली.

"आक्का, मार्कर हाय न्हवं पर्समधी?"

"हाय. का गं?"

"ह्या डब्यावर लिही. 'साखरेची गोळी बंद कर, मी सांगते.' आन् खाली सही कर."

आक्कानं मार्कर काढला, टोपणही काढलं. मग हात तसाच राहिला. "बाई, आसं लिहून कसं देऊ? मी काय डॉक्टर हाय व्हय?"

हे माइकमधून सगळ्या कार्यालयाला ऐकू गेलं, कारण माइक माझ्या हातात होता आणि मी तो दोघींच्या मधोमध धरला होता.

"मग बंद कर म्हणताना कोण हुतीस?" कारभारीण म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटतं, तिला पहिल्यांदाच समजलं की ती काय बोलून बसली होती. साडूनं मात्र गाणं लावलं, मोठ्यानं.

येताना मोटारसायकल इंदापूरच्या बाहेर पडली. मग पाठीत एक गुद्दा बसला.

"माझ्यावर परयोग केलात? मी काय डाळिंब हाय व्हय?"

"परयोग माझ्यावर केला. तू तर फवारलेली हुतीस."

दुसरा गुद्दा बसला. मग ती म्हणाली, "घरी नगं. बारामतीला दवाखान्याकडं घ्या."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. आकडा मी सांगणार नाही, कारण मी सांगितला की लोक अर्धा करतात, आणि हा अर्धा करण्यासारखा नव्हता. बाई रागावल्या, पण हिला शेजारी बसवून. म्हणाल्या, वजन उतरवलंत ते फार चांगलं केलंत, चालणं सोडू नका. पुढं कधी गोळी कमी करायची का, ते तपासून मी ठरवेन. आता बाहेर जाऊन जेवा आणि गोळी घ्या.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही घरून आणलेला जेवणाचा डबा सोडला. भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. अर्ध्या भाकरीला आक्काचा फोन वाजला. कारभारणीनं घास संपवला, मग उचलला.

"ऐक, आक्का. रडू नगं. उद्या पहाटे चालायला मी जाणारच हाय. तुला यायचं तर मुक्कामाला ये, दोघी जाऊ. पण डबा इंदापुरातच ठेव. आन् माझ्या गोळीबद्दल परत बोललीस, तर रस्त्यातनं माघारी धाडीन."

फोन ठेवला, राहिलेली भाकरी खाल्ली, तांब्यातलं पाणी घेतलं, आणि माझ्याकडं बघत गोळी गिळली.