दाराआडचा अडकित्ता

आमच्या हिंजवडीकडच्या गावावर वीस वर्षं सरपंचाचं राज्य होतं असं कुणी सांगितलं, तर त्याला खुशाल वेड्यात काढा. राज्य होतं बाईचं. मी चौथी नापास माणूस, पण डोळे धड आहेत. बघितलं तेच सांगतो. बाई तमाशाच्या फडातली. सरपंचानं तिला गावात आणून घर दिलं, तेव्हा भर सभेत सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो होतो, "नाचीला गावात जागा न्हाय, आन् मेल्यावर मसणातबी न्हाय!" वाटलं, मान खाली घालेल. तर म्हणाली, "एवढ्या लांबचं आत्ताच कशाला ठरवताय, दाजी? च्या घ्या." दाजी म्हणे! तिच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही अशी शपथ मी तिथंच घेतली आणि सोळा वर्षं पाळली.

सरपंच गडी रांगडा, पण चार माणसांपुढे उभा राहिला की जीभ टाळूला चिकटायची. बाईनं त्याला बोलायला शिकवलं. कुठं थांबलं की समोरचा पुढं झुकतो, हे फडात जन्म घालवलेल्या बाईला कुणी सांगायचं? सभा तिच्याच ओट्यावर भरायची आणि ती दाराआड सुपारी कातरत बसायची. अडकित्ता एकदा वाजला की सरपंचानं गप्प व्हायचं, दोनदा वाजला की रेटून बोलायचं. हळूहळू गावाला खूण कळली. आमदारसुद्धा सरपंचाआधी दाराला नमस्कार करू लागला. पुढं काँप्युटरवाल्या कंपन्या आल्या, तर त्यांचे टायवाले साहेबही बोलता बोलता मध्येच थांबून दाराकडे कान द्यायचे!

मग एका कंपनीची भिंत आमच्या स्मशानावरून जाणार असं कळलं. माझी मंडळी, म्हणजे बायको, तिथंच जळली होती, आणि माझी जागाही तिच्या शेजारी, असं मी मनात धरून होतो. दोन दिवस फुरंगटून बसलो, तिसऱ्या दिवशी गेलो बाईच्या दारात. मला बघून हसली. "या दाजी. मला जागा देत नव्हता, आता तुम्हालाच उरंना व्हय?"

दुसऱ्या दिवशी साहेबानं ओट्यावर नकाशा पसरला. सरपंच भारावून म्हणाला, "आमची काही हरकत..." आणि कट्‌! तो मटकन खाली बसला. मग आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. बाई दाराबाहेर आली. अक्षरओळख नसलेली ती, नकाशावर बोट ठेवून म्हणाली,

"साहेब, हे पांढरं काय हो?"

"मोकळी जागा आहे, बाई. रिकामी."

"रिकामी? सगळं गाव निजलंय तिथं."

साहेबानं नकाशा गुंडाळला. ती भिंत आजही तिथं कोपर दुमडल्यासारखी वळते. जाताना बाईनं माझ्या तळहातावर सुपारी ठेवली. मी खाल्ली. शपथ गेली, बरं झालं.

गेल्या थंडीत बाई गेली. "गावच्या मसणात चालंल का?" असं एकानं दबकत विचारलं. मी पुढं झालो आणि पहिला खांदा दिला. माझ्या मंडळीपासून चार पावलांवर तिची चिता रचली. सरपंच दोन शब्द बोलायला उभा राहिला, एक वाक्य बोलला आणि सवयीनं थांबला. कान मागं लावून. भिंतीपलीकडे कंपनीच्या बसगाड्या सुटत होत्या. मागून काहीच वाजलं नाही. तो तसाच उभा राहिला, आणि आम्हीही.