दगडांची वाटणी

आक्काकडे नवा पाहुणा आला की ती आधी त्याच्या हातात एक दगड द्यायची. चित्रकार असो की मूर्तिकार, चहाच्या आधी दगड. तो उचलून शेताच्या कडेला बांधावर नेऊन ठेवायचा. "ठिवा तिथं," ती म्हणायची. "हा बी दादानंच दिलाय."

पाहुणा माझ्याकडे बघायचा. मी धारूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी आक्काकडे दुभाष्याचं काम करायचो. मग मी हिंदीत हकिगत सांगायचो. नवरा वारल्यावर आक्का माहेरी परतली आणि तिनं वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला. थोरल्या भावानं विहिरीजवळची काळी जमीन स्वतःकडे ठेवली, डोंगरउताराचं बरड तिला दिलं आणि चारचौघांत म्हणाला, "घे, दगडं पिकव."

माझ्या तोंडी हे वाक्य जरा मऊ व्हायचं. आक्काला हिंदी बोलता यायची नाही, पण कळायची बरोबर. "निम्मंच सांगितलं तुमी, मास्तर," ती म्हणायची.

सूड घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी कोर्टात जातं, कुणी बोलणं टाकतं. आक्कानं बाग लावली. उताराला आडवे चर खणून पाणी अडवलं, उघड्या मातीवर पाचोळा पसरला, सीताफळ, शेवगा, हादगा, तूर एकमेकांच्या सावलीत वाढू दिली. नांगर कधी लावला नाही. शहरातली माणसं याला पर्माकल्चर म्हणायची, गाव म्हणायचं आक्काचं गचपण. धारूरच्या किल्ल्याची चित्रं काढायला आलेल्या दोन मुलींना तिनं एकदा ठेवून घेतलं, त्यांच्या ओळखीनं आणखी लोक येत गेले, मग मातीच्या खोल्या उभ्या राहिल्या. कलाकार महिना महिना राहायचे. सकाळी बागेत राबायचं, दुपारनंतर आपापलं काम.

"कलाकारच का ठेवता?" मी एकदा विचारलं.

"गावातलं मानूस बघून गप बसतंय. ही मानसं जगाला दाखवतेत."

पहिली सीताफळं उतरली तेव्हा तिनं निवडक फळांची पाटी माझ्याबरोबर भावाकडे पाठवली. निरोप माझ्याकडून घोकून घेतला, "दगडाला लागलेत म्हनावं." भावजयीनं पाटी आत नेली. भाऊ ओसरीवर बसला होता, निरोप ऐकून त्यानं तोंड फिरवलं. परत आलो तर आक्का वाटेवरच उभी. "तोंड कसं झालं त्याचं?" मी सांगितलं. तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. त्यानंतर दर हंगामात पाटी जायची.

एका उन्हाळ्यात भावाची विहीर आटली, बोअरही बंद पडलं. आक्कानं उताराखाली खणलेल्या विहिरीला मात्र चरांत मुरलेलं पाणी होतं. शेवटी तो आला. खाली बघत म्हणाला, "जनावरांपुरतं पानी दे."

"देते की. पर हितं बसावं लागंल."

"कशाला?"

"पाव्हन्यांना चितर काढायला मानूस पायजे. तुजी गुरं पानी पितेत तवर बसायचं."

गावचा माजी सरपंच तो. रोज सकाळी पटका बांधून यायचा आणि आक्कानं दाखवलेल्या जागी, उन्हात, बसायचा. गुरं घेऊन येणारे गडी बघत थांबायचे. समोर बसलेला माणूस म्हणजे तोच भाऊ, हे कलाकारांना ठाऊक नव्हतं. कुणी त्याला मान वळवायला सांगायचं, कुणी हात गुडघ्यावर ठेवायला. आक्का समोर शेंगा निवडत बसायची आणि त्याच्यावरची नजर हलवायची नाही. मलाही ते बघायला आवडत होतं.

नागपूरच्या एका मुलीनं चित्र पुरं करून आक्काला दाखवलं. खोल गेलेले गाल, पटक्याखालून निसटलेले पांढरे केस. आक्कानं ते हातात घेतलं. "हा तर आमचा बाप हाय," ती म्हणाली आणि भावाला चहा पाठवला.

त्यानं चहा प्यायला. कप खाली ठेवत विचारलं, "झालं का आता तुजं समाधान?"

"न्हाई," ती म्हणाली. "उद्या बी ये."

पाऊस झाल्यावर त्याचं येणं थांबलं. दोघं पुन्हा बोलली नाहीत.

गेल्या वर्षी आक्काच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यातून तिला घरी आणलं. बाग आणि खोल्या तिनं आधीच पारूबाईच्या नावावर केल्या होत्या, तिच्याबरोबर पहिला चर खणणाऱ्या बाईच्या. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं.

"मास्तर, माज्या सरनाला दादाचा हात लागू देऊ नका."

"आक्का, सोडा आता."

"तुमाला जमत नसंल तर दुसऱ्याला सांगते."

मी हो म्हणालो.

सरण रचलं तेव्हा भाऊ गर्दीतून पुढे आला. त्यानं पेटता टेंभा घ्यायला हात पुढे केला. मी आडवा झालो आणि आक्काचं बोलणं, तिच्याच शब्दांत, त्याला सांगितलं.

"तिनंच सांगितलं?"

"हो."

"कवा?"

"परवा. शुद्धीत होत्या."

"दुसरं काही?"

"काही नाही."

त्यानं डोक्यावरचा पटका उतरवून काखेत धरला. "म्हंजी शेवटपर्यंत तिच्या ध्यानात होतो," तो म्हणाला.

पारूबाईनं अग्नी दिला. भाऊ भाऊबंदांमध्ये परत गेला नाही. पलीकडे बाहेरगावचे कलाकार उभे होते, त्यांच्यात जाऊन पाहुण्यासारखा उभा राहिला.