फळ्यावर 'फट्टू' मीच लिहिलं

सोमवारी हेडसरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि मोबाईलवर एक फोटो दाखवला. नववी ब चा फळा, आणि त्यावर ठसठशीत अक्षरात 'फट्टू'. कोणी लिहिलं ते शोधा म्हणाले... मी म्हटलं, शोधायचं कशाला सर, अक्षर माझंच आहे.

तुमच्याकडे हा शब्द चालतो की नाही, माहीत नाही. आमच्या मारेगाव भागात पोरांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा असतो... म्हणजे भित्राच, पण त्याहून जिव्हारी लागणारा. मी विज्ञान शिकवायचं, शिव्या नाही, असं हेडसरांचं म्हणणं.

मागच्या वर्षी आम्ही शाळेत रस्ता सुरक्षेचं व्याख्यान ठेवलं होतं. पोस्टर, शपथ, टाळ्या, ग्रुप फोटो, सगळं यथासांग झालं. त्याच संध्याकाळी माझ्या वर्गातला सुमेध मित्रांच्या मागे ट्रिपल सीट बसून गेला, गाडी कापसाच्या उभ्या ट्रॅक्टरवर आदळली आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. शपथ घेताना सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता.

यवतमाळच्या दवाखान्यात त्याला भेटायला गेले तेव्हा आधी रागावलेच. सगळं माहीत असून बसलास कशाला रे? तर म्हणाला, "नाही बसलो असतो तं फट्टू म्हटलं असतं ना मले"... आणि तोंड भिंतीकडे केलं.

परत येताना एसटीत डोकं नुसतं भणभणत होतं. आम्ही पोरांना हेल्मेट, वेगमर्यादा, सिग्नल शिकवतोय (आमच्या गावात सिग्नल आहे कुठे, ते सोडा)... आणि पोरं हाडं मोडून घेतायत एका शब्दापायी.

म्हणून यंदा मी शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक, ती आमची गाडी. तिच्यावर तिघांनी दाटीवाटीने बसायचं आणि खाली उभ्या असलेल्याला दोन मिनिटं मनसोक्त फट्टू म्हणायचं... त्याने चढायचं नाही, मारामारी करायची नाही, जागचं हलायचं नाही.

हसू नका, भलतं अवघड असतं ते. वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात खुर्चीवर जाऊन बसला. मग काठी टेकत आलेल्या सुमेधनेच उपाय काढला... "हो, आहो फट्टू, मंग?" म्हटलं की समोरच्याला पुढे बोलायला काही राहत नाही.

तेवढंच नाही शिकवत मी. मित्राच्या गाडीची चावी कशी काढून घ्यायची, पडलेल्याला ओढून उठवायचं नाही, तोंडात पाणी ओतायचं नाही, हेही असतं. पण फोटो निघाला तो त्या तासाला मी लिहिलेल्या फळ्याचा, आणि गेला थेट पालकांच्या ग्रुपवर.

प्रेरणा म्हणून वर्गात एक मुलगी आहे (नाव बदललंय). सोमवारी दुपारी तिचे बाबा तावातावाने शाळेत आले. "मॅडम, आमी पोरीले वाघीण केलं अन् तुमी तिले भेकड बनवून राह्यल्या," म्हणाले. हेडसरांनी त्यांच्यासमोरच मला सुनावलं... शनिवारचा तास बंद, आणि दोन दिवसांत लेखी खुलासा.

एकवीस वर्षं नोकरी झाली, कधी साधा मेमो नाही. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण अपमानापेक्षा सलत होतं ते वेगळंच... तास बंद झाला तर पुढचं हाड कोणाचं मोडणार, हे मला हजेरी घेताना चेहऱ्यानिशी दिसत होतं.

शाळा सुटली. प्रेरणाचे बाबा तिला न्यायला गेटपाशी मोटरसायकलवर थांबले होते. पुढे टाकीवर तिचा लहान भाऊ, मागे शेजारचे एक काका, आणि फोन कान-खांद्यामध्ये दाबलेला. त्यांनी मानेनेच खूण केली, बस म्हणून.

प्रेरणा बसली नाही.

"बस ना वं," ते म्हणाले. ती म्हणाली, "बाबा, अगोदर फोन ठेवा. अन् काकाले उतरवा." गेटवर अख्खी शाळा जमलेली... बाबा कसनुसं हसले, "काहून वं, भेव लागते?"

"हो बाबा. मी फट्टू आहो."

कोणी हसलं नाही. दप्तर छातीशी धरून उभी होती ती. जागची हलली नाही. शेवटी त्यांनी फोन खिशात टाकला, काका मुकाट्याने उतरले, आणि लेकरांना घेऊन ते हळूहळू निघून गेले.

हेडसर व्हरांड्यातून सगळं पाहत होते. तास सुरू ठेवा म्हणाले नाहीत, खुलासा नको असंही म्हणाले नाहीत... आत निघून गेले. मग मीही काल खुलासा देऊन टाकला. शब्द मी लिहिला, पुन्हा लिहीन. तास होणार, खोली मिळाली नाही तर गेटबाहेर कडुलिंबाखाली होईल. कारवाई करायची तर खुशाल करा.

आता तुम्ही लिहाल, मॅडम, काय हिंमत तुमची वगैरे... थांबा जरा. त्याच सोमवारी संध्याकाळी आमचे हे फोनवर बोलत बोलत गाडी चालवत होते, आणि मी मागे घर येईपर्यंत जीव मुठीत धरून गप्प बसले होते. सेहेचाळीस वर्षांची मी.

आज सकाळी गाडीवर त्यांचा फोन वाजला तेव्हा मी म्हटलं, मला भीती वाटते, गाडी थांबवा नाहीतर मी उतरते. त्यांनी गाडी बाजूला घेतली. प्रेरणा, तू शिकवलंस ग मला हे.