मराठीच्या सरांचा माड

आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांइतका दरारा असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत झाला नसेल, आणि आपल्याला कुणीतरी आडवं जावं म्हणून इतका झुरणाराही. ते वर्गात आले की पंखासुद्धा जपून फिरे. एका समारंभात कोकम सरबत खारट झालं होतं. सर "उत्तम" म्हणाले, तर आम्ही सगळे शिक्षक दोन-दोन पेले प्यायलो. "तीस वर्षं नुसतं 'होय सर' ऐकतोय रे," ते मला म्हणत, "एकदा तरी 'नाही' म्हण!" मी म्हणे, "होय सर."

याच दुःखातून त्यांनी पंच्याऐंशी साली नाटक लिहिलं. त्यातले गुरुजी स्टुलाला माड म्हणतात, विद्यार्थी मान डोलावतो आणि शेवटी त्यावर चढून नारळ पाडतो. गुरुजी ते स्वतः. विद्यार्थी मी, विज्ञानाचा नवा शिक्षक, खाकी हाफपँटीत. तालमीनंतर ते विचारत, "कसं वाटतंय?" एक अक्षर कळलेलं नसताना मी म्हणे, "छान, सर." मग ते चिडून आणखी एक प्रवेश वाढवत.

पहिला प्रयोग शिमग्यात, बंदराजवळच्या एका वाडीत झाला. तिथली माणसं नमन-खेळे बघत वाढलेली. समोर खेळ चालू असताना खेळ्यांशी बोलायचं असतं, हा त्यांचा रिवाज. मी स्टुलावर पाय ठेवला, तोच पुढे बसलेली मासळी विकणारी एक म्हातारी उठली.

"ओ मास्तर, माड कुठला त्यो? स्टूल हाय! पोराला वायच बोलू द्या की, कवाधरना तुमचाच चाललाय!"

मांडव खदखदला. सरांनी छडी खाली ठेवून हात जोडले. "आजी, परत एकदा म्हणा." आजी परत म्हणाल्या, मग सगळी वाडीच म्हणाली. उरलेलं नाटक सरांनी तिथेच सोडून दिलं. परतताना एसटीत ते एकटेच हसत होते.

निवृत्तीनंतर ते आंजर्ल्याला राहिले. एकदा मुद्दाम बोलावून त्यांनी मला नवं नाटक वाचून दाखवलं. भयंकर कंटाळवाणं होतं. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "कसं वाटलं? खरं सांग हं."

मी म्हणालो, "छान, सर."

त्यांनी कागद नीट घडी घालून ठेवले आणि आत चहा सांगितला. पुढच्या वर्षी ते गेले. आता मी मुख्याध्यापक आहे आणि दिवसभर "होय सर" ऐकतो. फार वाईट वाटतं. माझ्याकडे त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितली होती.