बाबीने विमानात घातलेलं गाऱ्हाणं

बाबी मेला त्याला आज वर्ष झालं.

आणि सकाळपासून मला नुसतं विमान आठवतंय!

नात म्हणाली, आजोबा, फेसबुकवर लिहा. मी सातवी शिकलेला माणूस. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबी आणि मी कोकणातल्या एकाच गावचे. भोसरीच्या एकाच कंपनीत पेंट शॉपला होतो. निगडीत एकाच बिल्डिंगमध्ये राहिलो.

म्हातारपणी त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा पिंपरीला डायलिसिस. त्यापायी दोन वर्षं गावचा गणपती चुकला. घरात थोरला तोच, पूजा त्याच्याच हातची. त्याचा जीव तिथेच अडकलेला.

डॉक्टर म्हणाले, "बारा तासांची बस विसरा. विमानाने जा आणि तिसऱ्या दिवशी इथे हजर राहा."

आमच्याकडे समुद्राजवळच्या माळावर छोटंसं विमानतळ झालंय. एसटी स्टँडएवढं. पावसात ढग उतरले की विमान न टेकताच माघारी जातं, असं मी ऐकून होतो.

सोबतीला मी. जन्मात विमानात बसलो नव्हतो. पाच तास आधीच एअरपोर्टवर नेऊन बसवलं त्याला.

"बाबी, परत फिरलं तर रे?"

"मेल्या, तू आधी चढ तरी!"

चढलो. पाऊण तास झाला आणि खिडकीत नुसतं पांढरं. पायलट बोलला, खालचं दिसत नाहीये, एकदा प्रयत्न करतो, नाहीतर पुण्याला परत.

मला घाम फुटला. बाबीचा चेहरा पडला. उद्या चतुर्थी. परत गेलो की हाही गणपती गेला. पुढचा कोणी बघितलाय?

आमच्याकडे काम अडलं की देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतात. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. गावात घालतात, देवळासमोर.

बाबीने ते विमानात घातलं!

डोळे मिटले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात,

"बा देवा म्हाराजा!"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. लाज वाटली हो.

पण मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

"तुझी लेकरां तुझ्या दारात येवन ढगात अडाकली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता चार-पाच जण.

हवाई सुंदरी धावत आली. "अंकल, प्लीज शांत बसा."

"बसलंय गे बाय. पट्टोव लावलंय. त्वांड तेवढां उघडां आसा."

अख्खं विमान हसलं.

"घराक गणपती येतलो, आनी पूजा करणारो हंय वर लटाकतासा, म्हाराजा! ह्या ड्रायव्हराक खालची वाट दिसांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. माझा!

आणि ढग फाटला. खाली खाडी, माडांची रांग, लाल माती, मधोमध काळी पट्टी. धाडकन चाकं टेकली! टाळ्या, शिट्ट्या! मी शेजारच्या अनोळखी बाईंच्या पाया पडलो.

पायलट दाराशी उभा होता. बाबी त्याला म्हणाला, "बरो हाकतंस रे, झिला." झिला म्हणजे पोरा. त्याला काही कळलं नाही. पण त्याने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बाबी दीड तास पाटावर बसला. पुतण्या म्हणाला, "काका, आरतीचं ताट मी धरतो." दिलं नाही. आरती संपल्यावर मात्र त्याने पुतण्याला आपल्या पाटावर बसवलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षापासून तू."

तिसऱ्या दिवशी आम्ही पिंपरीत डायलिसिसला वेळेवर हजर होतो.

पुढच्या गणपतीपर्यंत तो राहिला नाही. गेल्या वर्षी माझंही मन झालं नाही जायचं.

बाबी, यंदा तिकीट काढलंय. विमानाचं, एकट्याचं. काल रात्रभर झोप नाही, तीनदा तारीख तपासली. ढग असले तर गाऱ्हाणं मला घालावं लागेल, आणि मला ते धड येतही नाही. तरी जाणार! पुतण्या पूजा नीट करतोय की नाही ते तुझ्या वतीने बघून येतो.

सुखाने राहा, गड्या. तुला माझा मनापासून नमस्कार.