धर्मराज चौथा आला

कोन नावाच्या गावात गटारीच्या दुपारी तीनपत्तीचा सामना भरायचा. वर्गणी काढून बोकड आणायचा, सगळ्यांना सारखे चिंचोके वाटायचे. ज्याचे संपले तो उठला. शेवटी उरेल त्याला अख्खा बोकड, बाकीच्यांनी हात हलवत घरी जायचं.

धर्मराज घरत तिथला सगळ्यात हुशार गडी. तो पत्त्यांपेक्षा माणसं बघायचा. तुळशीरामला चांगली पानं आली की तो कान खाजवतो, हे फक्त त्यालाच ठाऊक. तरी नशीब दरवर्षी थोडंच साथ देतं? पण दोन-तीन वर्षांतून एकदा बोकड त्याच्या दारात यायचा आणि आधीची सगळी वर्गणी वसूल व्हायची.

२००९ साली बाकीचे कुरकुरले. "याचा बोकड आमी का म्हून पोसायचा?" सामना भरवणाऱ्या महादेवने मग दहा कोंबड्या आणल्या. शेवटच्या दहांना एकेक. पहिल्यालाही तीच, दहाव्यालाही तीच.

अकरा जण उरले आणि खेळ गोठला. पत्ते वाटले जात, पण जो तो न बघताच टाकून देई. एक उठला की बाकीच्यांना कोंबडी. मग उठायचं कोणी? तुळशीराम तर बसल्या जागी घोरत होता. त्याची पानं शेजारचाच टाकायचा. एका कोंबडीने अंडं घातलं, ते कोणाचं यावर भांडण झालं.

शेवटी धर्मराजला तीन राजे आले. त्याने सगळे चिंचोके पुढे लोटले. नेमका तेव्हाच तुळशीराम दचकून जागा झाला आणि त्यानेही ढीग लोटला. कान खाजवला नाही, कारण पानं बघितलीच नव्हती. निघाले तीन एक्के.

"झोपलेल्याला कोंबडी," धर्मराजची बायको रंभा म्हणाली, "आणि तुमी जागं ऱ्हाऊन काय मिलवलं?"

पुढल्या वर्षी धर्मराज महादेवशी भांडला. मधला मार्ग निघाला: बोकडच, पण नंबराप्रमाणे वाटे. पहिल्या तिघांना तंगड्या, चौथ्याला कलेजी, मग खाली खाली करत दहाव्याला खूर. कागदावर झकास दिसत होतं. पण गटारीला कलेजी सोडून तंगडी कोणाला हवी?

चौघे उरले आणि चौघेही हरायला टपले. तुळशीरामने भिकार पानांवर ढीग लावला आणि बिचारा जिंकला. पुढच्या डावात त्याचा हात कानाकडे गेला मात्र, धर्मराजने दुर्री-तिर्रीवर सर्वस्व लावलं. आयुष्यात इतक्या हुशारीने तो कधी हरला नव्हता.

त्यानंतर तो जवळजवळ दरवर्षी चौथा यायचा. पोरं त्याला 'चौथे शेठ' म्हणू लागली. उरणहून पाहुणे खास त्याचं हरणं बघायला येत.

२०१४ साली मात्र पत्त्यांनी दगा दिला. काही केल्या हरता येईना, आणि तो पहिला आला. तंगडी पिशवीत घालून मागच्या दाराने घरात शिरला. रंभाने पिशवीत डोकावून बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "व्हतं कदी कदी."